विमानतळाची मागची बाजू

म्हाताऱ्याने विचारलं ते काही अवघड नव्हतं. तो बोर्ली पंचतनहून आला होता, बंगळूरला लेकीकडे निघाला होता आणि जन्मात पहिल्यांदा विमानात बसणार होता. हे सगळं त्याने निवेदिताला आपणहून सांगितलं, कारण तिच्या गळ्यात ओळखपत्र होतं आणि त्या गर्दीत तेवढी एकटी ती कुठे घाईने चाललेली दिसत नव्हती. सिक्युरिटीच्या रांगेच्या अलीकडे तीन डबे होते, हिरवा, निळा आणि करडा. त्यांच्यासमोर उभं राहून त्याने पुडीतलं शेवटचं घावन सावकाश खाल्लं, बोटं चाटली, आणि मग केळीचं पान, वरचा वर्तमानपत्राचा कागद आणि रबर हातात घेऊन तो विचारात पडला. निवेदिताने त्याला सांगितलं, पान हिरव्यात, कागद निळ्यात. त्याने मान डोलावली, पण हात काही पुढे केला नाही. "आनि म्होरं?" त्याने विचारलं. "मागं नेऊन एकत्रच करीत असतील ना?" त्यात खोच नव्हती. एसटी अमुक फाट्यावर थांबते का, असं विचारावं तसं त्याने विचारलं. "नाही, वेगळंच राहतं," निवेदिता म्हणाली. "मग बेस," तो म्हणाला. पान हिरव्यात गेलं, कागद नीट घडी होऊन निळ्यात गेला, रबर त्याने मनगटात चढवलं आणि तो रांगेत जाऊन उभा राहिला.

निवेदिता मात्र तिथेच राहिली. हे वाक्य ती आजवर किती जणांशी बोलली होती. शाळांच्या सहलींशी, पाहुण्यांशी, कपात अर्धी कॉफी ठेवून डब्यापुढे घुटमळणाऱ्या कितीतरी प्रवाशांशी. वेगळंच राहतं. आज ते तोंडातून बाहेर पडल्यावर तिला एकदम जाणवलं की हे आपण कधी पाहिलेलं नाही. आपण खोटं बोललो असंही नव्हे. ते खरं की खोटं, हेच आपल्याला ठाऊक नाही. ती पहिल्या मजल्यावर पर्यावरण विभागात बसायची. कचऱ्याचं काम ठेकेदाराकडे होतं, त्याचा सुपरवायझर तुळशीराम रोज संध्याकाळी मागच्या शेडवरून फोनवर तक्ता पाठवायचा: ओला इतके किलो, सुका इतके किलो, पुन्हा वापरात गेला इतका, खड्ड्यात पुरायला गेला इतका. महिनाअखेरीस ती ते सगळं जुळवून अहवाल करायची. शंभर किलोंतला ब्याण्णव किलो कचरा पुन्हा कामाला लागतो, असं त्या अहवालात असायचं आणि ते वाचून सगळ्यांना बरं वाटायचं, तिलाही वाटायचं. तिच्या बेरजा चुकत नसत. पण म्हाताऱ्याने बेरीज विचारली नव्हती. आपलं पान पुढे कुठे जातं एवढंच त्याला हवं होतं, आणि तिने सांगितलं त्यावर त्याने असा काही विश्वास ठेवला की कागदाची घडी घालायलासुद्धा तो विसरला नाही.

तिची नोकरीबद्दल तक्रार नव्हती, हे इथेच सांगायला हवं. पन्नाशी उलटल्यावर माणसाला सकाळी उठून जिथे जावंसं वाटतं अशी जागा मिळणं ही साधी गोष्ट नाही, आणि तिला ती मिळाली होती. सकाळच्या वेळी त्या उंच छताखाली फरशी पुसल्याचा आणि भाजलेल्या कॉफीचा मिळून एक वास असायचा, शेकडो बॅगांची चाकं एका सुरात घरघरायची, आणि कुठेतरी जायला निघालेल्या माणसांच्या चेहऱ्यावर असते ती थोडी भीती, थोडी ऐट रोज नव्याने पाहायला मिळायची. उलव्याला नवव्या मजल्यावर ती एकटी राहत होती. लग्न केलं नाही, त्याची खंतही उरली नव्हती. संध्याकाळी गॅलरीत चहा घेऊन बसलं की भरतीचं पाणी खाजणातून हळूहळू आत येताना दिसायचं, आणि तेवढ्यावर तिचा दिवस पुरा व्हायचा. म्हणूनच सकाळची ती गोष्ट दाताच्या फटीत सुपारीचं खांड अडकावं तशी तिला दिवसभर सलत राहिली. जीभ पुन्हा पुन्हा तिथेच जात होती. जेवताना गेली, मीटिंगमध्ये गेली, आणि दुपारी तर ती जीभ तेवीस वर्षं मागे जाऊन पोचली.

तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती आणि खाडीकाठच्या एका रसायनांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होती. रोज सकाळी तिच्या टेबलावर बाटल्या यायच्या, प्रत्येकीवर चिठ्ठी: बाहेर पडणारं पाणी, सकाळी आठ. ती ते पाणी तपासायची आणि पाणी चांगलंच निघायचं. एकदा बसथांब्यावर टोपली घेऊन बसलेल्या एका कोळणीने तिला ओळखलं होतं आणि खाडीचं पाणी बरं आहे का, असं विचारलं होतं. बरं आहे, असं ती म्हणाली होती, आणि त्या बाईने जणू डॉक्टरने सांगितल्यासारखं ते ऐकून घेतलं होतं. पुढे काही महिन्यांनी सहज बोलताबोलता कळलं की बाटल्या भरणारा माणूस कारखान्याचं पाणी खाडीत पडतं तिथपर्यंत जातच नव्हता. वाट चिखलाची होती, लांब होती; तो अलीकडच्याच नळावर बाटली भरून आणायचा. त्याला तसं कुणी सांगितलं नव्हतं, कुणाचा कट नव्हता, नुसता आळस होता. निवेदिताने ते वर कळवलं, त्याला बोलणी बसली, बाटल्या बरोबर जागी भरल्या जाऊ लागल्या. पाणीही पुढे हळूहळू सुधारलं. पण ती कोळीण पुन्हा कधी भेटली नाही. कित्येक दिवस निवेदिता त्या थांब्यावर वेळेच्या आधी जाऊन उभी राहत असे, आणि भेटली असती तर काय सांगणार होतो हे मात्र तिला कधी नीट जुळवता आलं नव्हतं. आपण बाटली प्रामाणिकपणे तपासली होती, एवढंच ती सांगू शकली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, विमानांची सगळ्यात दाटी असते त्या वेळी, ती कुणाला न सांगता मागच्या लिफ्टपाशी जाऊन उभी राहिली. प्रवाशांना ही बाजू दिसत नाही. इथे काचा नाहीत, रंगवलेल्या भिंती नाहीत. सिमेंट, पिवळे पट्टे आणि डोक्यावरून गेलेले पाइप. प्रवाशांकडच्या बाजूने हिरव्या, निळ्या, करड्या पिशव्या वेगवेगळ्या येत होत्या, अगदी तिच्या अहवालात लिहिलं होतं तशा. मग दोन कामगारांनी एक मोठी ट्रॉली ओढली आणि तिन्ही रंगांच्या पिशव्या एकाच ट्रॉलीत धडाधड टाकल्या. लिफ्टमध्ये एका वेळी एकच ट्रॉली मावत होती, तिकडे डबे तुंबत होते, आणि थांबायला कुणाला वेळ नव्हता. वजनाने खालच्या पिशव्या फुटल्या. कुठल्याशा कपातली कॉफी, कुठल्याशा डब्यातलं सांबार आणि दहापंधरा अर्धवट पाण्याच्या बाटल्या यांचा मिळून एक ओघळ ट्रॉलीखालून निघाला आणि पिवळ्या पट्ट्यावरून वाहत तिच्या चपलेपर्यंत आला. तिने पाय मागे घेतला नाही. तिला धक्का बसला असंही म्हणता येणार नाही. आपल्याला हे कालच कळलं होतं, आज फक्त दिसलं, असं तिला वाटलं. पण मग ते ब्याण्णव किलो कुठून येतात, हे मात्र तिला कळेना.

त्याचं उत्तर शेडमध्ये होतं. विमानतळाच्या अगदी कडेला, कुंपणाच्या अलीकडे, पत्र्याची लांबलचक शेड. आत एक सरकता पट्टा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सात बायका. पट्ट्यावरून ते सगळं भिजलेलं, मिसळलेलं, आंबूस वास मारणारं येत होतं आणि बायकांचे हात ते पुन्हा वेगळं करत होते. वरच्या तीन डब्यांत प्रवाशांनी जे वेगळं केलं होतं आणि लिफ्टपाशी जे एकत्र झालं होतं, ते इथे दुसऱ्यांदा हातांनी निवडलं जात होतं. तुळशीराम धावत आला. आधी सांगितलं असतं तर जरा झाडून घेतलं असतं, असं काहीबाही बोलला. ठेंगणा, काळजीने वाकलेला माणूस. थोड्या वेळाने त्याने हळू आवाजात सांगितलं की आपण चार महिन्यांपूर्वीच ट्रॉलीला आतून तीन कप्पे करून मागितले होते, मेल केला होता. कुणाला, असं तिने विचारलं. तुळशीरामने पायाकडे पाहिलं. तिने तिथेच फोन उघडून शोधलं. मेल तिलाच आला होता. तिने त्याला उत्तरही दिलं होतं, दोन शब्दांचं: नोंद घेतली.

मग फोन पर्समध्ये टाकून तिने तुळशीरामकडे हातमोजे मागितले आणि पट्ट्यापाशी जी जागा रिकामी होती तिथे जाऊन उभी राहिली. शेजारी रंगू होती, या बायकांची म्होरकी. माणगावाकडच्या एका खेड्यातली, पंचेचाळिशीची, डोक्याला घट्ट रुमाल बांधलेली. पलीकडे बायजा, सगळ्यांत वयाने मोठी. त्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि निवेदिताला थोडी जागा करून दिली. तासाभरात तिला कळलं की आपले हात किती मंद आहेत. ती एक बाटली उचलून झाकण काढेपर्यंत रंगूच्या हातून पाच वस्तू जात. रंगू बघतही नव्हती. बाटलीत पाणी किती आहे, कप कागदाचा आहे की आतून प्लॅस्टिकचा, हे तिच्या बोटांनाच कळत होतं. काम करताकरता ती सांगत होती, काय काय येतं ते. न उघडलेली सँडविचं, लोणच्याच्या बरण्या, एकच बूट, एकदा तर इस्त्रीचा शर्ट घडीसकट. ऐकताना निवेदिताला वाटलं, या बाईला वरून जाणाऱ्या माणसांची आपल्यापेक्षा जास्त माहिती आहे. आपण त्यांचे चेहरे पाहतो, ही त्यांच्या हातातून काय सुटतं ते पाहते. हाताला कंड सुटली होती, पाठ भरून आली होती, आणि तरी आत कुठेतरी बरं वाटत होतं. आज तिने बाटली कुठे भरली जाते ते पाहिलं होतं.

ती त्यानंतर रोज तासभर जाऊ लागली. ऑफिसात कुणी विचारलं तर पाहणी करते म्हणून सांगायची. दरवेळी ती रंगूला एकच विचारायची: काय केलं तर तुमचं काम हलकं होईल? ट्रॉलीचं मी बघते, पण अजून काय? रंगू हसण्यावारी न्यायची. काम कामासारखंच असायचं म्हणायची. चौथ्या दिवशी पट्टा जरा अडकून थांबला, तेव्हा ती मोजे काढत निवेदिताला बाजूला घेऊन गेली.

"मॅडम, मला ठावं हाय काय केलं पायजे ते," ती म्हणाली. "पन काम कमी झालं तर बाया कमी करतील. सात हाव, त्याच्या पाच करतील. मंग ते मीच सांगितल्यावानी झालं न्हाय का?"

कचरा कमी करा, हे निवेदिताच्या ऑफिसच्या भिंतीवर तीन भाषांत लिहिलेलं होतं. कचरा कमी झाल्यावर रंगूच्या बाजूला उभी असलेली बायजा कुठे जाईल, हे कोणत्याच भाषेत लिहिलेलं नव्हतं. ती नुसती हो म्हणाली आणि परत आली. त्या रात्री तिला झोप लागली, कारण झोप तिला नेहमीच लागायची, पण सकाळी जाग आली ती त्याच प्रश्नाला घेऊन.

रविवारी ती चौलला गेली. अण्णा, म्हणजे तिचे वडील विश्वंभर, चौऱ्याऐंशीचे झाले होते. वाडी आता धाकटा भाऊ बघत होता, पण नारळ उतरवणारा आला की अण्णा खुर्ची घेऊन झाडाखाली बसत आणि प्रत्येक नारळ पडल्याचा आवाज ऐकून तो कसला निघणार ते सांगत. निवेदिता मागच्या दारी हात धुवायला गेली. मोरीचं पाणी तिथून पाटाने अळूत आणि पुढे केळींत जात होतं, तिच्या लहानपणापासून तसंच. आई असताना भांडी राखेने घासत, तेव्हा खरकटं आधी गोठ्यात, राखेचं पाणी केळीला आणि उरेल ते माडाच्या आळ्यात जायचं. कचरा हा शब्दच त्या घरात नव्हता. वाळल्या पानांचा पातेरा होता, झावळ्या होत्या, नारळाची सोडणं होती, आणि प्रत्येकाची ठरलेली जागा होती. आईला कुणी हे शिकवलं नव्हतं आणि आईने ते कधी भिंतीवर लिहिलं नव्हतं. पण आई एक गोष्ट कटाक्षाने करायची: पाण्याचं भांडं असो की ताकाचं, ते मोरीत उपडं केल्याशिवाय पुढे जाऊ द्यायची नाही. ओलं आधी सोडून दे, मग बाकीचं काय ते बघ, असं म्हणायची. निवेदिता पाटाकडे पाहत उभी राहिली. हात केव्हाच धुऊन झाले होते. पाणी अळूच्या पानांखालून जाताना आवाज करत नव्हतं, फक्त मातीचा रंग थोडा थोडा पुढे गडद होत चालला होता. अण्णांनी बसल्या जागेवरून हाक मारून विचारलं, काय करत्येस गो तिथे. तिने जाऊन त्यांना सगळं सांगितलं, म्हाताऱ्यापासून रंगूपर्यंत. अण्णांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "त्या बाईला काम काय ते ठाऊक आहे. मग तिला वरच ने की."

ते इतकं साधं होतं की तिला स्वतःचाच राग आला, आणि मग रेवदंड्याहून निघालेल्या बसमध्ये खिडकीशी बसून एकटीच हसूही आलं. सोमवारी तिने रंगूला सांगितलं. सिक्युरिटीच्या अलीकडे पायांवर उभी राहणारी मोठी स्टीलची पन्हळ बसवायची. प्रवाशांनी बाटलीतलं पाणी, कपातला चहा तिथे ओतायचा, रिकामी बाटली जवळ ठेवायची आणि आत गेल्यावर नळावर पुन्हा भरायची. ओतलेलं पाणी गाळून बाहेरच्या झाडांना. आणि तिथे उभं राहून लोकांना सांगायला पाळीपाळीने शेडमधल्याच दोघी. म्हणजे सातच्या सातच. रंगूने सगळं ऐकून घेतलं. आपणही तेच सांगणार होतो, असं ती म्हणाली. सगळा घोळ पाण्याचा आहे, कागद भिजला की मेला, आणि दर पिशवीतलं निम्मं ओझं पाण्याचं असतं. सुकं सुकं आलं तर पट्ट्यावर काही कामच नाही. मग तिने निवेदिताच्या डोळ्यांत पाहिलं.

"सातच्या सात," ती म्हणाली. "लिवून द्याल?"

"देते," निवेदिता म्हणाली.

द्यायचं म्हणजे श्रेयसची सही हवी. श्रेयस तिच्या विभागाचा प्रमुख, अलिबागचा, तेहतीस वर्षांचा, हुशार आणि स्वभावाने चांगला. त्याने तिचं म्हणणं मनापासून ऐकलं, पन्हळीची कल्पना त्याला आवडली, सात बायकांचंही पटलं. ट्रॉलीला कप्पे तर आजच सांगतो म्हणाला. फक्त एक गोष्ट त्याला नको होती. पुढच्या महिन्यात बाहेरची एक समिती येणार होती. कचरा व्यवस्थापनाचं मोठं प्रमाणपत्र होतं, त्यासाठी वर्षभर त्याने जीव टाकला होता. त्या अर्जात लिहिलं होतं की कचरा डब्यापासून शेवटपर्यंत वेगळा राहतो. समिती येऊन जाऊ दे, मग आपण सगळं सुधारू, तोवर हे अहवालात नको, एवढंच त्याचं म्हणणं होतं. सुधारल्यावर ते खरंच होणार आहे ना, असंही तो म्हणाला. आकडा खोटा आहे का, त्याने विचारलं.

"आकडा खरा आहे," निवेदिता म्हणाली. "पण तो आपण लिहितो तसा येत नाही. तो सात बायकांच्या हातांतून येतो, आणि त्यांचं नाव आपण कुठेही लिहिलेलं नाही. या महिन्याच्या अहवालात मी ते लिहिणार आहे. आणि तुळशीरामच्या मेलला मी काय उत्तर दिलं होतं, तेही."

श्रेयस खुर्चीत मागे टेकला. काचेपलीकडे एक विमान धावपट्टीच्या टोकाशी वळून थांबलं होतं आणि त्याच्या मागे कर्नाळ्याच्या सुळक्याची निळसर रेघ थरथरत होती. निवेदिताच्या मनात आलं, हा आता रागावेल; आणि तो रागावला असता तरी आपल्याला चाललं असतं, हेही तिला त्याच क्षणी कळलं. लहानपणी समुद्रात पाय टाकताना पहिल्या लाटेपर्यंत भीती वाटायची, कमरेपर्यंत पाणी आलं की वाटायची नाही, तसं काहीसं. श्रेयस रागावला नाही. त्याने दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी अहवाल सही होऊन तिच्या टेबलावर आला, बरोबर सातही बायकांचं काम कायम राहील असं लेखी पत्र, आणि पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलेलं: मीही शेडमध्ये कधी गेलो नव्हतो.

पन्हळ बसायला तीन आठवडे लागले. पहिली तर विमानतळावरच्याच एका उपाहारगृहाच्या गोदामातून मिळालेलीच बसवली, पाय थोडे छोटे करून. पहिल्या दिवशी वर जायची पाळी रंगू आणि बायजाची होती. नवे निळे कोट घालून त्या मागच्या लिफ्टने वर आल्या, दार उघडलं, आणि बायजा उंबऱ्यातच थबकली. इतके दिवस इथे काम करून तिने हे छत पाहिलं नव्हतं. रंगूने मात्र छताकडे एकदाच पाहिलं आणि नजर सरळ प्रवाशांच्या हातांवर नेली. तासाभरात तिचा जम बसला. ती कुणाला ओरडत नव्हती, कुणाची विनवणी करत नव्हती. समोरच्याच्या हातातल्या बाटलीकडे बघून नुसतं म्हणायची, "झाकन काढा, वता, बाटली ठेवा तुमची." आणि मोठमोठी माणसं निमूटपणे झाकण काढायची. निवेदिता खांबापाशी उभी राहून पाहत होती. कित्येक महिने तिने चित्रं, बाण, तीन भाषांतल्या पाट्या लावल्या होत्या. तिला हेवा वाटला नाही. एखाद्या चांगल्या गाणाऱ्याचं गाणं ऐकताना आपल्याला गाता येत नाही याचं दुःख होत नाही, तसं तिला ऐकतच राहावंसं वाटलं.

समिती आली. त्यांतल्या एक बाई अहवाल वाचून आल्या होत्या आणि त्यांनी वरचं काही पाहण्याआधी शेड पाहायला मागितली. तिथे त्यांनी बरंच टिपून घेतलं, रंगूशी उभ्याउभ्या अर्धा तास बोलल्या, निवेदिताला मात्र काही विचारलं नाही. ते लोक गेल्यावर श्रेयस काही दिवस गप्प गप्प असायचा, पण डबा खायला तिच्याच टेबलाशी येऊन बसायचा. ट्रॉलीला कप्पे आले होते, तुळशीरामने ते मनासारखे करून घेतले होते, आणि रोज संध्याकाळच्या तक्त्यात त्याने आपणहून एक नवं घर वाढवलं होतं: आज कोण पट्ट्यावर, कोण वर, नावांसकट. निवेदिता आता तो तक्ता जुळवण्याआधी नावं वाचायची. एका गुरुवारी बायजाचं नाव नव्हतं, तेव्हा तिने फोन करून विचारलं. नातवाला ताप होता, दुसऱ्या दिवशी आली.

मग एका दुपारी, साडेचारच्या सुमारास, ती शेडमध्ये पोचली तेव्हा तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. क्षणभर कळेना काय ते. विमानं होती, पत्र्याचा कडकडाट होता, वास होता, पण पूर्वीसारखा आंबूस नव्हता. कोरड्या पुठ्ठ्याचा, संत्र्याच्या सालीचा. पट्टा फिरत होता आणि त्याच्यावर काहीच नव्हतं. दिवसाच्या पिशव्या संपल्या होत्या. नेहमी साडेसहा वाजायचे. पट्टा काळा, कोरडा, रिकामा, आपला आपणच गरगरत होता आणि त्याच्या बाजूला पाच बायका मोजे घातलेले हात पुढे धरून उभ्या होत्या, कारण पट्टा फिरत असताना हात खाली ठेवायची त्यांना सवयच नव्हती. रंगूने थोडा वेळ पट्ट्याकडे पाहिलं. मग ती चालत टोकाशी गेली आणि तिने बटण दाबलं. आवाज उतरत उतरत थांबला. त्या शांततेत कुंपणापलीकडच्या खाजणातले बगळे ऐकू आले. बायकांनी एकेक करून मोजे काढले, बाहेर सावलीत पुठ्ठे अंथरले, कुणीतरी थर्मास उघडला.

तेवढ्यात निवेदिताचा फोन वाजला. श्रेयस होता. समितीचं पत्र आलं होतं. या वर्षी प्रमाणपत्र नाही, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा. शेडबद्दल मात्र पाऊण पान लिहिलं होतं, आणि पन्हळ इतर विमानतळांनी येऊन पाहावी अशी शिफारस होती. तो पत्र वाचून दाखवत होता आणि त्याच्या आवाजात तिला वाटलं होतं तितकी निराशा नव्हती. ती ऐकत होती, हो हो म्हणत होती, आणि स्वतःच्या आत चाचपून पाहत होती, कुठे दुखतंय का. दुखत नव्हतं. तिने फोन बंद केला. पुठ्ठ्यावरच्या बायका तिच्याकडे पाहत होत्या. रंगूने कपात चहा ओतताओतता विचारलं, काही वाईट खबर आहे का.

"काही नाही, रंगूताई," निवेदिता म्हणाली, आणि तिने चपला काढल्या. "जरा सरकून बसा."